डोमाजींची शपथ

"बैल देखणा आहे हो, पण त्याचं चाक पाहिलं का?" मी म्हटलं.

ह्यांनी बैल उचलला, चाक फिरवलं आणि बंद पडलेलं घड्याळ धरतात तसा कानाशी धरला. दुकानदाराला हसू आवरेना. पोस्टात बसून मनीऑर्डरी करणाऱ्या माणसाला लाकडाच्या बैलातलं काय कळणार? पण तोवर परागने बैलाच्या गळ्यात हात टाकला होता.

"मला हाच पाहिजे. हा माझ्याकडे पाहून राहिला."

"चाक लटपटतं त्याचं."

"बाई, चाकाची काळजीच करू नका," दुकानदार म्हणाला. "पुढच्या पोळ्यापर्यंत मी जिम्मेदार."

त्याची जिम्मेदारी संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. पण तेव्हा मी पैसे देऊन मोकळी झाले, कारण माझं चित्त बैलात नव्हतंच.

नागपुरातली चितार ओळ त्या दिवशी नुसती बैलांनी भरली होती. पांढरे, तांबडे, शिंगांना बेगड लावलेले, पाटावर चार चाकं ठोकलेले लाकडी बैल. आदल्या दिवशी पोळा होऊन गेला होता, म्हणजे आज तान्हा पोळा. आमच्या नागपूरकडे खऱ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा असतो. पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरतात. वरोऱ्याहून आम्ही पहाटेच्या एसटीनं निघालो होतो आणि रात्रीच्या एसटीनं परत जायचं होतं. ह्यांना मी एवढंच सांगितलं होतं, की मुलाला माझं गाव दाखवायचंय, मारबत दाखवायची आहे, येताना संत्राबर्फी आणू.

मारबत दुपारी इतवारीत पाहून झाली होती. तिच्या दोन माणसांएवढ्या उंच पुतळ्यापुढे हजारो लोक ओरडत होते, "घेऊन जाय गे मारबत!" रोगराई घेऊन जाय, महागाई घेऊन जाय, सगळं घेऊन जाय. परागनेही बापाच्या खांद्यावर बसून, "गणिताच्या बाई घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडून घेतलं. मी काही ओरडले नाही. माझ्या मनात जे होतं ते न्यायचं नव्हतं, परत आणायचं होतं.

"आता हा बैल घेऊन कुठं?" ह्यांनी विचारलं.

"तांडापेठेत."

ह्यांनी उघडलेली छत्री मिटली. ह्यांच्या हातात छत्री बारा महिने असायची, आणि ती मिटली की समजायचं, माणूस घाबरला.

"शेवंता, तिथं कोण आहे आपलं?"

"माझे बाबा आहेत."

"ते मला माहीत आहे. म्हणून तर विचारतो."

माझे बाबा डोमाजी पराते. आम्ही कोष्टी, घरात हातमाग. माझी आई मी दहावीत असताना गेली. तेव्हापासून चूल माझ्याकडे आणि मागाच्या कांड्या भरायचं कामही माझ्याकडे. बाबा विणायचे, मी शेजारी बसून सूत भरायची. दिवसभर आमचं बोलणं असं फार नसायचं, पण एकमेकांशिवाय करमायचंही नाही. पुढे मी चौकातल्या पोस्टात पाकिटं घ्यायला जाऊ लागले. लागतील त्यापेक्षा जरा जास्तच पाकिटं घेऊ लागले, कारण खिडकीत हे बसायचे. मोरेश्वर देवतळे, वरोऱ्याचे. आमच्या जातीतले नव्हते. आम्ही कचेरीत सह्या करून लग्न केलं आणि पाया पडायला घरी आलो, तर बाबा ओट्यावर उभे. सगळी गल्ली जमलेली.

बाबा मोठ्यानं म्हणाले, "आजपासून मी या पोरीचं तोंड पाहणार नाही. पाहीन तर डोमाजी पराते नाव सांगणार नाही."

आता दुसरा कोणी बाप असता तर चार महिन्यांत निवळला असता. पण माझ्या बाबांचा शब्द म्हणजे एकदा गाठ मारली की मारली. मी लहान होते तेव्हा एकदा ताण्यावर, म्हणजे मागावर चढवलेल्या उभ्या सुतावर, त्यांच्याच हातून चहा सांडला. "आजपासून चहा बंद," म्हणाले. त्यानंतर लग्नात नाही, मयतीत नाही, थंडीतापात नाही, त्या माणसानं चहाला तोंड लावलं नाही. आणि माझं तर चहापेक्षा मोठं प्रकरण होतं.

परागला सात वर्षं झाली होती, पण त्याला आजोबा कसे दिसतात ते ठाऊक नव्हतं. शाळेत पोरं सांगायची, माझे आजोबा असे, माझे आजोबा तसे. एकदा त्यानं मला विचारलं, "आई, आपले आजोबा वारले का?" मी त्याला एक धपाटा घातला आणि मग स्वतःच रडत बसले. तेव्हापासून माझ्या डोक्यात हा तान्हा पोळा घोळत होता.

"हे पाहा," मी ह्यांना म्हटलं, "दारात बैल घेऊन आलेलं पोर आज कोणीही परत पाठवत नाही. बैलाच्या पायावर पाणी घालतात, कुंकू लावतात, ओवाळतात. पोराच्या कपाळालाही कुंकू लावतात आणि हातावर बोजारा ठेवतात, खाऊ म्हणा, पैसे म्हणा. आमच्या घरी हे सगळं बाबा स्वतः करतात. पराग पोरांच्या घोळक्यात मिसळून जाईल. बाबांचा हात एकदा त्याच्या कपाळाला लागला की झालं. मला काही नको मग."

"आणि आपण?"

"आपण लांब उभं राहायचं."

"अगं, नाव विचारलं तर पोराला?"

"पराग म्हणायचं. फक्त पराग. ऐकलंस ना रे?"

"हो," पराग म्हणाला. कोणाचं घर ते मी त्याला सांगितलं नव्हतं. सात वर्षांच्या पोराच्या पोटात काही राहत नाही.

तांडापेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. नळ तोच, ओटे तेच, घराघरांतून येणारा सावजी मसाल्याचा वास तोच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे घरोघरी मटण शिजतं. फक्त मागांचा आवाज नव्हता. सण असला की माग बंद. मी परागचं धोतर घट्ट केलं, टोपी सरळ केली आणि त्याला पोरांमागे सोडून दिलं. एका हातात बैलाची दोरी, दुसऱ्या हातात सुटत चाललेलं धोतर, असा तो निघाला.

आमच्या घराच्या तिरपं समोर एक पानठेला झाला होता. नवीन होता, त्यामुळे पानवाला मला ओळखत नव्हता. आम्ही त्याच्या आडोशाला उभे राहिलो.

"काय पाहिजे?" पानवाल्यानं विचारलं.

"काही नाही," हे म्हणाले.

"मग उभे काहून आहात?"

ह्यांनी जन्मात पान खाल्लं नव्हतं. पण उभं राहायचं तर काहीतरी घ्यायला हवं म्हणून एक पान लावायला सांगितलं. त्यानं हातभर पान लावलं. ह्यांनी ते अख्खं तोंडात कोंबलं आणि गाल फुगवून उभे राहिले. त्यानंतर बराच वेळ ह्यांच्याकडून मला काही सल्ला मिळाला नाही, ते एका अर्थी बरंच झालं.

आणि मग बाबा दिसले.

ओट्यावर उभे होते. पांढरं धोतर, बंडी, हातात तांब्या. मी सोडून गेले तेव्हा मिशा काळ्या होत्या. आता सगळं पांढरं झालं होतं आणि एक खांदा उतरला होता. शेजारी शालूवहिनी आरतीचं ताट घेऊन उभी होती, मागे दारात तिचा नवरा, माझा भाऊ गजूदादा. बाबा एकेका बैलाच्या पायावर पाणी घालत होते आणि एकेका पोराला दटावत होते. "ढकलू नको रे! बैल आहे का मोटारगाडी?" आवाज तसाच होता. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

परागचा नंबर आला. त्यानं दोरी ओढली, बैल ओट्याच्या पायरीला धडकला, आणि ते दळभद्री चाक निसटून घरंगळत थेट नालीकडे गेलं. बैल नाकावर पडला. परागने बैलाकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं आणि भोंगा पसरला. बाकीची पोरं बोजारा घेऊन पुढच्या दाराकडे पळाली. हा एकटाच उरला.

मी पुढे झेपावले तर ह्यांनी मागून माझा पदर धरला. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसती मान हलवली, नको नको.

बाबा ओट्यावरून खाली उतरले.

"रडून काहून राहिला बे? बैल का मेला?"

"चाक गेलं."

"मग पाय मोडला म्हण. पाय मोडल्यावर बैलाले बसवून ठेवतात, रडत नाहीत. आण ते चाक."

परागने नालीच्या काठावरून चाक आणलं. बाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"कोणत्या गाढवानं घेतला हा बैल?"

"बाबांनी," पराग म्हणाला.

माझ्या शेजारी ह्यांना जोरात ठसका लागला.

"गजू, थोडं सूत आण," बाबा म्हणाले आणि पायरीवर बसले. परागला शेजारी बसवलं. दादानं सुताची गुंडी आणून दिली. चाक जिथं बसतं त्या काडीवर बाबा सूत गुंडाळू लागले. घट्ट, एकाला एक लागून. त्यांची ती बोटं मी एवढ्या लांबूनही ओळखली.

"शाळेत जातो का?"

"हो."

"नाव काय तुझं?"

आता पराग हुशार पोरगा. सांगितलेलं त्याला आठवत होतं, असं तो नंतर शपथेवर सांगायचा. पण शाळेचं नाव काढल्यावर बाईंनी शिकवलेलं आधी वर आलं. तो उठून ताठ उभा राहिला, हात जोडले, धोतर सुटू दिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "माझे नाव पराग मोरेश्वर देवतळे. राहणार वरोरा, जिल्हा चंद्रपूर!"

बाबांचे हात थांबले.

शेजारच्या ओट्यावर बेबीकाकू उभी होती. ती आमच्या गल्लीचा रेडिओ. "अगं माय!" ती ओरडली. "हा तर आपल्या शेवं..."

"बेबी," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या घरी दूध उतू जाऊन राहिलं."

"नाही जी, मी तर दूध ठेवलंच..."

"जाऊन पाह."

बेबीकाकू आत गेली. मला वाटलं, आता बाबा उठतील, पोराला तसंच सोडून आत जातील आणि दार लावून घेतील. देवा, मला हाकलून दे, पण पोराला नको, एवढंच मी म्हणत होते.

बाबा पुन्हा सूत गुंडाळू लागले. खूप वेळ गुंडाळलं. मग चाक काडीवर बसवलं, तळहातानं ठोकलं, फिरवून पाहिलं. बैल उभा केला, त्याच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, वहिनीच्या हातून ताट घेऊन ओवाळलं. परागचं धोतर उचलून कमरेला खोचून दिलं. मग कुंकवाचा अंगठा त्याच्या कपाळावर टेकवला. तो अंगठा काही लवकर निघाला नाही.

मला एवढंच हवं होतं. "चला," मी ह्यांना म्हटलं, "झालं आपलं."

तेवढ्यात बाबांचा आवाज आला. "तुझी माय कुठं आहे?"

पराग वळला आणि त्यानं हात लांब केला. "ती काय तिथं, पानठेल्यामागे. बाबा पण आहेत. बाबा पान खाऊन राहिले."

सगळ्या गल्लीनं माना वळवल्या. पानवाल्यानंही वळवली. एका माणसानं तेवढी वळवली नाही. बाबा आमच्याकडे पाठ करून, आपल्या दाराकडे तोंड करून उभे राहिले.

"गजू, माझा दुपट्टा आण."

वहिनीनं घाईघाईत दोरीवरचा पंचा ओढून दिला. "हा घ्या न, बाबा."

"तो नको. पेटीतला. मी विणलेला."

दादा आत पळाला आणि घडी केलेला पांढरा दुपट्टा घेऊन आला. बाबांनी तो झटकला, डोक्यावरून घेतला आणि पुढे ओढला, पार छातीपर्यंत. नवी नवरी पदर घेते तसा. मग वळले आणि ओट्यावर मांडी घालून बसले. तोंड दिसेना, मिशा दिसेनात. पोरं खिदळायला लागली.

"आता बोलवा तिले," आतून आवाज आला.

कोणी हललं नाही.

"मी म्हणलो होतो, तोंड पाहणार नाही. आता मी तोंड पाहून राहिलो का? बेबी, तू सांग."

बेबीकाकू दूध सोडून केव्हाच बाहेर आली होती. "नाही जी. कुठं पाहून राहिले तुम्ही?"

"घरात येऊ नको, असं म्हणलो होतो का?"

गल्ली विचारात पडली. मग कोणी म्हातारा म्हणाला, "नाही बा. तेवढं नव्हता म्हणला."

"मग जेवून जाय म्हणा तिले. मटण झालं आहे."

मी कशी चालत गेले मला ठाऊक नाही. मागून हे येत होते. तोंडातलं पान सासऱ्याच्या दारात थुंकायचं कसं? ह्यांनी ते गिळलं. मी ओट्यापाशी पोचले आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी शेवंता, बाबा."

"हं. आवाज तर तसाच आहे." मग म्हणाले, "वाळलेली वाटते."

"आवाजावरून कळतं का असं?"

"मले कळते."

हे वाकून नमस्कार करू लागले. बाबांनी हात वर केला. "जावईबापू, तुमचं तोंड पाहणार नाही असं मी कधी म्हणलो नव्हतो. पण आता ह्या पोरीपायी दुपट्टा काढता येत नाही. राग मानू नका. आणि हनुवटी पुसून घ्या."

ह्यांनी लगबगीनं रुमाल काढला. पानाचा लाल ओघळ खरंच हनुवटीपर्यंत आला होता. परागने पानाचं सांगितलं होतंच, तेव्हा बाबांनी अंदाजानं म्हटलं असेल.

आत जेवायला बसलो. वहिनीनं पोळ्या वाढल्या आणि भात बाबा स्वतः वाढायला उठले. दुपट्टा तसाच. मी म्हटलं, "बाबा, सांडेल." ते म्हणाले, "माझं घर आहे, मले माहीत आहे कोण कुठं बसते." आणि खरंच एक शीतसुद्धा सांडलं नाही. रस्सा असा तिखट होता की परागचं नाक वाहायला लागलं, पण पठ्ठ्या ताटावरून हलेना.

"पाणी नको पिऊ, भात खा," बाबा त्याला म्हणाले.

पराग त्यांच्याकडे एकटक बघत होता. "आजोबा, तुम्ही लपाछपी खेळून राहिले का?"

त्याला आजोबा म्हणायला कोणी सांगितलं नव्हतं. वहिनीनं पदर डोळ्यांना लावला.

"हो," बाबा म्हणाले.

"राज्य कोणावर आहे?"

"माझ्यावरच आहे रे."

"मग किती वेळ?"

"जमते तवरिक."

ताटाकडे मान घालून मी मुकाट रडत होते. बाबा माझ्या समोरच पाट घेऊन बसले. जेवले नाहीत, म्हणाले मागून जेवतो.

"कांड्या कोण भरतं आता?" मी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"शालू भरते. पण तुझ्यासारखा हात नाही तिचा."

"मले ऐकू येते बरं!" वहिनी चुलीपाशी म्हणाली.

"ऐकू यावं म्हणूनच म्हणलो." मग मला म्हणाले, "तिकडे पाणी चांगलं आहे का?"

"चांगलं आहे."

"सासू बोलते का नीट?"

"बोलतात. आता बोलतात."

"हा माणूस?"

ह्यांनी भाताचा घास हातातच धरला. मी म्हटलं, "चांगले आहेत, बाबा. घाबरट आहेत, पण चांगले आहेत."

"ते पान गिळलं तेव्हाच कळलं मले," बाबा म्हणाले. दादा इतका हसला की त्याला उचकी लागली. आणि मग सगळेच हसलो. मी रडत रडत हसले. त्या घरात किती वर्षांनी हसले.

निघताना दिवे लागले होते. बाबांनी परागच्या हातावर बोजारा ठेवला, माझ्या ओटीत वहिनीला नारळ आणि खण घालायला लावले. मला म्हणाले, "पुढच्या तान्ह्या पोळ्याला हाच बैल आण. नवीन घेऊ नको. चाक मी बसवलं आहे, ते काही निघत नाही."

"बाबा, दुपट्टा?"

"तो राहील. शब्द तो शब्द." हात पुढे करून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. चाचपडला नाही, सरळ ठेवला. "जाय आता. गाडी चुकन."

गल्लीच्या टोकाशी मी मागे वळून पाहिलं. ओट्यावर दिव्याखाली तो पांढरा दुपट्टा तसाच बसला होता. परागने हात हलवला. बाबांनीही हलवला. वहिनीनं सांगितलं असेल, असं मला वाटलं.

त्यानंतर आम्ही दरवर्षी गेलो. सकाळी जायचं, रात्री परत. डोमाजी पराते दुपट्टा घेऊन ओट्यावर बसले की गल्ली ओळखायची, आज शेवंता येणार. दिवाळीला जावई एकटे जाऊन चेहरा दाखवून येत, पानाबद्दल टोमणे खाऊन येत. परागला मिसरूड फुटलं तरी मी त्याला तो बैल ओढायला लावायची. पोरगा लाजेनं अर्धा व्हायचा, पण आजोबांसाठी ओढायचा. दुपट्टा काही निघाला नाही. मी एकदोनदा म्हटलं, "बाबा, पुरे झालं आता. कोण विचारतंय?" ते म्हणायचे, "मी विचारतो न." मग मी विषय सोडला. बाबांनी मला पाहिलं नाही ही रुखरुख होतीच, पण त्यांच्यासमोर बसून जेवता येत होतं. एवढ्यात मी सुख मानलं.

पराग कॉलेजात असताना, वैशाखात, बाबा गेले. मी पोचले तेव्हा त्यांच्या तोंडावर काही नव्हतं. मी खूप वेळ बघून घेतलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

तेरवी झाल्यावर आम्ही निघालो, तर वहिनीनं पेटीतून तो दुपट्टा काढून माझ्या हातात दिला.

"हा तूच ने. तुझ्यापायीच विणला होता त्यांनी."

"माझ्यापायी?"

"तू गेली न, त्याच्या दुसऱ्या वर्षी. महिनाभर त्यावरच बसले होते. इतकं बारीक सूत त्यांनी कधी लावलं नव्हतं. यांनी विचारलंसुद्धा, बाबा, एवढा तलम दुपट्टा कोण घेईन? तर म्हणे, विकायचा नाही. लागन कधीतरी."

मी कोष्ट्याची लेक. कांड्या भरण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पण तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. घडी पिशवीत टाकली आणि आम्ही एसटी स्टँडवर आलो.

ऊन असं, की डोकं फुटावं. गाडीचा पत्ता नव्हता. मी पिशवीतून दुपट्टा काढला, डोक्यावरून घेतला आणि उन्हासाठी पुढे ओढला, पार छातीपर्यंत.

समोर वरोऱ्याची पाटी होती. मला ती वाचता आली. तिच्याखालचं बारीक अक्षरातलं वेळापत्रकही वाचता आलं. उसाच्या रसाची गाडी दिसली, गाडीवरचं लिंबू दिसलं. पराग माझ्याकडे येत होता, त्याच्या ओठाशेजारचा तीळ दिसला.

मी दुपट्टा बाजूला केला. हातात धरला, तर पांढराशुभ्र, पलीकडचं काही दिसेना. पुन्हा डोळ्यांवर घेतला. सगळं लख्ख.

"पराग," मी म्हटलं, "हा डोक्यावरून घे."

"आई, लोक हसतील."

"घे म्हणते ना. काय दिसतं?"

त्यानं घेतला. "काय म्हणजे? तू दिसतेस. का? रडतेस कशाला?"

हे छत्री घेऊन शेजारी उभे होते. ते माझ्याकडे बघत राहिले, मग दुपट्ट्याकडे. मग त्यांचा हात आपोआप हनुवटीकडे गेला.

"म्हणजे त्या दिवशी..." ते म्हणाले.

"हो."

"पान गिळताना पण?"

"पान गिळताना पण. आणि दरवर्षी. इतकी वर्षं हो! समोर पाट घेऊन बसायचे, जेवायचे नाहीत, मागून जेवतो म्हणायचे."

मी परागच्या डोक्यावरून दुपट्टा ओढून घेतला आणि माझ्या तोंडावर टाकला. त्याच्या आत बसून, भर स्टँडवर, पोटभर रडून घेतलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. मला मात्र सगळे दिसत होते.